वरचा मजला भाड्याने, जाहिरातीतला फोटो चालेल का?

मंडळी नमस्कार, आमच्या घराचा वरचा मजला पुढच्या महिन्यात रिकामा होतोय, दोन बेडरूम, स्टेशन चालत बारा मिनिटं. मंडळाच्या अंकासाठी मजकूर केलाय: "शाकाहारी मराठी कुटुंबास प्राधान्य, वातावरण घरगुती." सोबत मागच्या गणपतीतला आरतीचा फोटो जोडलाय, हॉलही दिसतो आणि माणसंही, नुसत्या रिकाम्या खोल्या भुताच्या वाड्यासारख्या वाटतात. काही सुचवायचं तर आज रात्रीपर्यंत सांगा.
– दादा, एडिसन, न्यूजर्सी

दादा, फोटो झकास, वहिनींच्या नऊवारीबद्दल तर बोलायलाच नको, पण ही जाहिरात अशी देऊ नका. मी अकरा वर्षं अपार्टमेंट भाड्याने देणाऱ्या ऑफिसात काढलीत, दरवर्षी ट्रेनिंगला बसवून हेच घोकून घ्यायचे. इथे अमेरिकेत घराच्या बाबतीत भेदभाव रोखणारा १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट आहे, त्यात घर नाकारण्याचं कलम वेगळं आणि जाहिरातीचं वेगळं. वंश, रंग, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व, घरात लहान मुलं असणं, यातल्या कशावरूनही अमके हवेत तमके नकोत असं जाहिरातीतून दिसता कामा नये. "मराठी कुटुंबास प्राधान्य" तिथेच अडकलं. शाकाहारी हा शब्द कायद्यात नाही, पण मराठीच्या शेजारी बसला की वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतंच.

आता फोटो. तुम्ही म्हणाल फोटो कुठे काय बोलतो, तर न्यूयॉर्क टाइम्सवर याच्यावरूनच खटला झाला होता. तक्रार अशी की वीस वर्षं घरांच्या जाहिरातीत हजारो माणसं दिसली, जवळपास सगळी गोरी, आणि काळा माणूस आलाच तर दरवान नाहीतर देखभालीचा कामगार. पेपरने केस फेटाळा म्हणून अर्ज केला, १९९१ ला अपील कोर्टाने तो मान्य केला नाही. साध्या वाचकाला जाहिरात बघून काय वाटेल ते बघायचं, छापणाऱ्याच्या मनात काय होतं ते नाही. तुमच्या एका फोटोवरून उद्या कोणी दारात येईल असं मी म्हणत नाही हां, पण त्या मजकुराबरोबर तो फोटो म्हणजे आगीत तेल.

आमच्या ऑफिसात ब्रोशर करताना मॅनेजर टेबलावर फोटो पसरून माणसं मोजायची, जिममध्ये एक काळा आणि पूलवर सगळे गोरे, म्हणजे नाही चालत, परत करा. शेवटी कंटाळून माणसंच काढून टाकली. म्हणून हल्ली ब्रोशर उघडलं की ग्रॅनाइटचा ओटा आणि काचेच्या वाडग्यात लिंबं.
– ताई

अगं पण मी स्वतः खालच्या मजल्यावर राहतो, दोन फॅमिलीचं घर आहे, मोठी बिल्डिंग नाही, लहान मालकाला सूट असते ना? डोक्यावर कोण नांदणार हे मी नाही तर कोण ठरवणार! आणि मुंबईत बघ, सरळ लिहितात, कोणाला काही वाटत नाही.
– दादा

सूट आहे, मिसेस मर्फीची सूट म्हणतात तिला, मालक राहत असेल तर चार घरांपर्यंतच्या बिल्डिंगला. पण ती जाहिरातीच्या कलमाला लागू नाही, छापलं की संपलं. शिवाय वंशावरून नाकारायला तर १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा आडवा येतो, त्यात अशी सूटच नाही. न्यूजर्सीचा कायदा आणखी वेगळा, तो मी इथे उगाळत नाही.

आणि मुंबईचं म्हणाल तर आम्ही लग्नानंतर गिरगावात जागा बघत होतो, एजंटने जिन्यातच विचारलं मासे खाता का, सासूबाई भाबडेपणाने म्हणाल्या हो तर, बुधवारी शुक्रवारी लागतातच. त्याने खिशातली किल्ली बाहेरच काढली नाही, मालक गावाला गेलेत म्हणाला. वाटलं होतं दादा, खूप वाटलं होतं.
– ताई

अंकाच्या वतीने: त्या कलमात छापणाराही येतो, म्हणजे मी. दादा, कृपया नवीन मजकूर पाठवा.
– संपादक

बरं बाबा. "दोन बेडरूम, वरचा मजला, स्टेशन बारा मिनिटं, हीट भाड्यात, एका गाडीचं पार्किंग." गणपतीचा फोटो दिवाळी अंकात टाका. सोबत ओट्याचा पाठवतोय, लिंबं घरात नव्हती, टोमॅटो ठेवलेत.
– दादा