मांजराला पावसाळ्यात सारखी खाज – घरचा उपाय आणि खाणं काय ठेवू?

चिंगीची_आई (शिवाजी पेठ)
आमची चिंगी देशीच आहे, घरातच असते, फार तर गच्चीवर जाते. पाऊस लागला की हिची खाज सुरू. शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर बारीक खपल्या आल्यात, हात फिरवला की रव्यासारख्या लागतात. पोटावरचे केस चाटून चाटून विरळ केलेत. डॉक्टरांच्या इंजेक्शनानं बरं वाटतं, थोडे दिवस गेले की पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात खोबरेल तेलात कापूर घालून लाव. खायला दूधभात, चिकन, कधीतरी सुकट. खाण्यातलंच काही बाधत असेल का? सारखी इंजेक्शनं नको वाटतात.

बोकेवाला (राजारामपुरी)
ताई, कापूर देव्हाऱ्यातच राहू दे. मांजराच्या अंगाला जे लावाल ते चाटून त्याच्या पोटात जातं, आणि कित्येक पदार्थांचा निचरा त्याच्या यकृताला आपल्यासारखा जमत नाही. निलगिरी, टी-ट्री ही तेलंही तसलीच. आपण डोकं दुखलं की घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. झाडपाल्याचं आहे म्हणून चालतंय, असं मांजराच्या बाबतीत न्हाई.

आता खाज. पावसाळा आणि शेपटीचं मूळ, एवढं ऐकलं की माझा पहिला संशय पिसवांवर. आमच्यात पिसवा न्हाईत म्हणाल, पण दिसायला त्या उरतात कुठं? मांजर चाटून गिळून टाकतं. उवांची बारीक फणी घ्या, कमरेपासून शेपटीपर्यंत दाबून विंचरा. काळी कणी निघाली तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवून जरा थांबा. कणीभोवती तांबूस डाग पसरला की समजा ती धूळ नव्हे, पिसवेची विष्ठा आहे, म्हणजे चिंगीचंच पचलेलं रक्त. ऍलर्जी असते ती पिसवेच्या लाळेची, त्यामुळं एखाद-दुसरा चावासुद्धा पुरतो.

मानेवर टाकायचे थेंब डॉक्टरांकडूनच वजन सांगून घ्या. कुत्र्याचे थेंब अजिबात नकोत. त्यातल्या काहींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्यानं मांजराला झटके येतात, जीवही जातो. घरातल्या सगळ्या जनावरांना एकदमच औषध करा. पिसवांची बहुतेक पिलावळ मांजरावर नसते, घरात असते: गोधडी, सोफ्याची फट, पायपुसणं. गोधड्या गरम पाण्यात धुवा. कोशातल्या पिसवा महिनोन्‌महिने दबा धरून बसतात, त्यामुळं एका डोसावर थांबू नका.

खाण्याची ऍलर्जी असतेच, पण तिला पावसाळा-उन्हाळा कळत नाही, बारमाही खाजते. मांजरात बहुधा गोमांस, मासे नाहीतर चिकन बाधतं. रक्ताच्या तपासणीनं ते खात्रीनं कळत नाही. जे मांस तिनं कधी खाल्लंच नाही तेवढंच आठेक आठवडे द्यायचं, आणि मग जुनं खाणं सुरू करून खाज परत येते का बघायचं. या काळात सुकटीचा एक तुकडाही नको. दूध तसंही बंद करा, बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही.

कागलकर
आमच्याकडं लसूण ठेचून भाकरीतून देतात, पिसवा पळतात म्हणून. आणि चिंगीला मटण चालेल की, अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पातळ पाणी, कोल्हापुरात कुठल्या घरात नसतंय?

बोकेवाला (राजारामपुरी)
भावा, लसूण-कांद्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होतं. पिसवा राहतात तिथंच. आणि आपल्या अळणीत आलं-लसूण, कांदा, मीठ सगळं पडलेलं असतं. चिंगीनं बकऱ्याचं मटण कधीच खाल्लं नसेल तर चालेल, पण तिचा वाटा फोडणीच्या आधी निव्वळ पाण्यात वेगळा उकडायचा, हाडं काढून. महिनोन्‌महिने नुसतं मटणही नको, टॉरिन (मांजराला खाण्यातून लागणारं एक पोषक द्रव्य) आणि कॅल्शियम कमी पडतं. टॉरिनअभावी हृदय आणि डोळे जातात. डॉक्टरांशी बोलून पूरक घाला किंवा ऍलर्जीचं तयार खाणं घ्या. नवं खाणं जुन्यात मिसळत हळूहळू वाढवा. दोन दिवस उपाशी राहिली तर वाट बघू नका, मांजराच्या यकृतावर चरबी चढते.

गच्चीवरची_मनी
जवसाची पूड घातली तर? कातडीला चांगली म्हणतात.

बोकेवाला (राजारामपुरी)
जवस चटणीत छान. त्यातलं ओमेगा-३ मांजराच्या शरीराला नीटसं वापरता येत नाही, त्यासाठी माशाचं तेल लागतं. तेही मात्रा विचारून, आणि गुण दिसायला दीड-दोन महिने. मासेच बाधत असतील तर तेही राहू द्या.

उपनगरी
घरातल्या पोरांच्या अंगावर गोल चट्टे उठलेत का तेही बघा. मांजराचं गजकर्ण माणसाला लागतं आणि त्यावर सारखं स्टेरॉइड दिलं तर ते उलट पसरतं.

चिंगीची_आई (शिवाजी पेठ)
पोरांना काही नाही. फणी फिरवली, कापसावर तांबडे डाग पडले! सासूबाईंनाही दाखवले. थेंब उद्या आणते. मटणही उद्यापासूनच सुरू करू का?

बोकेवाला (राजारामपुरी)
मटण तुम्ही खावा. तिचं खाणं आहे तेच ठेवा, दूध तेवढं काढा. दोन्ही एकदम बदललं तर कशानं गुण आला ते कळायचं न्हाई. पिसवांचं औषध दोन-तीन महिने नेमानं करा, तरी खाजत राहिली तर मग खाण्याकडं वळू. आणि डॉक्टरांना विचारा, आजवर दिलेली इंजेक्शनं स्टेरॉइडची होती का. मांजरांना ती वरचेवर दिली तर मधुमेहाची भीती असते.