कुंडीतली झुकिनी बोटभर झाली की पिवळी पडून गळते

प्रश्न (बाल्कनीबाग):
२५ लिटरच्या एका ग्रो बॅगमध्ये झुकिनीची दोन रोपं आहेत. पानं ताटाएवढी, देठ जाडजूड, फुलंही येतात. पण फळ बोटाएवढं झालं की टोकाकडून पिवळं पडतं, मऊ होतं आणि हात लागला तरी गळतं. अंड्याची टरफलं कुटून घातली, फरक नाही. दर आठवड्याला शेणखताचं पाणी देते. ऊन सकाळचं पाच तास. कॅल्शियम कमी पडतंय का? आणि पुढच्या वेळी कुंडी केवढी घ्यावी?

मातीवाला:
टोकाकडून जातंय म्हणजे कॅल्शियमचाच संशय. पण टरफलांचा उपयोग नाही, ती मातीत विरघळायला फार वेळ घेतात. शिवाय कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतोच. तो पाण्याबरोबर वर चढतो, त्यामुळे कुंडी एक दिवस ठणठणीत कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं झालं की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही.

खरी अडचण जागेची आहे. २५ लिटरमध्ये दोन रोपं म्हणजे मुळांची मारामारी. एका रोपाला ४० लिटर धरा, तोंड ४५ सेंमी आणि खोली ३० सेंमीच्या वर. मिश्रण असं: दोन भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, दोन भाग माती, एक भाग कोकोपीट. नुसतं कोकोपीट आणि खत नको. उंच वाढलेलं रोप वाऱ्याने हलून मुळासकट सैल होतं. वर ५ सेंमी वाळक्या पानांचं आच्छादन घाला, फक्त खोडाला चिकटवू नका. भरल्या रोपाला कडक उन्हात रोज तीन-चार लिटर पाणी सहज लागतं. बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तर खालून पाणी निथळेपर्यंत द्या.

परागकण:
कुंडीचं गणित मान्य, निदान मान्य नाही. टोककूज (कॅल्शियम न पोचल्याने फळाचं टोक कुजणं) असती तर फळ बऱ्यापैकी वाढल्यावर टोकाला तपकिरी, खोलगट, चामड्यासारखा डाग पडला असता. बोटाएवढं असतानाच अख्खं पिवळं पडून गळणं म्हणजे परागीभवन झालेलंच नाही किंवा अर्धवट झालंय.

नर फुलामागे नुसता लांब बारीक देठ असतो, मादी फुलामागे चिमुकली झुकिनी. ती चिमुकली आधीपासूनच असते, म्हणून फळ धरलं असं वाटतं. पराग पोचला नाही की ते दोन-चार दिवसांत गळतं. पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. मधमाशी फिरकत नसेल तर काम हातानेच करावं लागतं.

फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात, मिटलेलं मादी फूल परत उघडत नाही. म्हणून सकाळी नऊच्या आत नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या सोलून टाका. मधला पिवळा खांब बोटाला लावून बघा. पिवळी पूड लागली तरच पराग तयार आहे. मादी फुलाच्या मध्यभागी खडबडीत, फुगीर भाग असतो. त्याच्या सगळ्या बाजूंना तो खांब हलक्या हाताने फिरवा. एकच बाजू पुसली तर फळ वाकडं होतं, नाहीतर एका टोकाला बारीक राहतं. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुलं सहज होतात. फूल पावसाने भिजलेलं असेल तर त्या दिवशी फार आशा ठेवू नका.

शेणखताचं पाणी मात्र थांबवा. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की रोप पानांतच रमतं. फुलं सुरू झाल्यावर पालाश (पोटॅश) जास्त असलेलं, टोमॅटोला देतात तसलं द्रवखत दर १०-१४ दिवसांनी पुरे. पाच तास ऊन काठावरचं आहे. सहा ते आठ हवं.

बाल्कनीबाग:
आज सकाळी बघितलं. दोन मादी फुलं उघडी आहेत, नर एकही नाही! आणि पानांवर शिरांच्या कडेने पांढरट चट्टे आहेत. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) असेल का?

परागकण:
सुरुवातीला बहुधा नुसती नर फुलं येतात, मग मादी. पण अधेमधे अशी चुकामूक होतेच. उपाय म्हणजे रोपं एकाच दिवशी न लावता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने लावणं, प्रत्येक वेगळ्या कुंडीत. बी २ सेंमी खोल, आडवं न ठेवता कडेवर उभं. मुळं दुखावलेली या रोपाला खपत नाहीत, तेव्हा शक्यतो थेट मोठ्या कुंडीतच पेरा. जागा एकाच रोपापुरती असेल तर ‘पार्थेनॉन’ किंवा ‘कॅविली’सारखं परागाशिवाय फळ धरणारं वाण घ्या.

गच्चीतला माळी:
चट्टे बोटाने पुसून बघा. शिरांच्या कोपऱ्यांत चंदेरी नक्षी असेल आणि पुसली जात नसेल, तर ते वाणाचं लक्षण, औषध मारत बसू नका. पिठासारखं बोटाला आलं तर भुरी. मुळं कोरडी आणि हवा कोंदट असली की ती हमखास येते, त्यामुळे पाणी नियमित ठेवणं हाच अर्धा इलाज. जास्त खराब पानं काढा. एक भाग दूध, नऊ भाग पाणी दर आठवड्याला पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारलं तर सुरुवातीची भुरी आटोक्यात राहते. भुरीवर गंधक फवारणार असाल तर कडक उन्हात मारू नका, भोपळ्याच्या कुळातल्या रोपांची पानं करपतात.

जागेचं म्हणाल तर झुडूप पसरू देऊ नका. रोप लहान असतानाच सव्वा मीटरची काठी रोवून खोड दर वीतभर अंतरावर इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या सैल गाठीने बांधत जा. फळं काढून झालेल्या भागाखालची पानं खोडालगत कापा. हवा खेळते आणि शेजारच्या कुंड्यांवर सावली पडत नाही.

फळ १५-२० सेंमीचं झालं की सुरीने देठासकट कापा, पिळून तोडू नका. वाढीच्या दिवसांत एक दिवसाआड नजर हवी. एखादं पानाआड राहून भोपळ्याएवढं झालं, तर बिया पोसण्यात रोपाची ताकद जाते आणि नवी फळं थांबतात.

आणि घरच्या फळाचं बी धरणार असाल तर जपून. जवळपास शोभेचे भोपळे असतील तर संकर होतो. यंदाच्या फळाला काही होत नाही, पण त्या बियांच्या रोपाची फळं कडू निघू शकतात. कच्चा तुकडा जिभेवर कडू लागला तर फळ टाकून द्या, शिजवून तो कडूपणा जात नाही आणि पोट चांगलंच बिघडतं.