सम स्पेक्ट्रममध्ये न दिसणारे बारीक कण मॅपमध्ये कसे शोधायचे?

अभ्रकवेडी:
ग्रॅनाइटच्या थिन सेक्शनचा (पातळ कापाचा) ईडीएस मॅप घेतलाय, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात प्रत्येक पिक्सेलचा क्ष-किरण स्पेक्ट्रम नोंदवून कोणतं मूलद्रव्य कुठे आहे ते दाखवणारा नकाशा. 15 किलोव्होल्ट, 512 × 384 पिक्सेल, कार्बन कोटिंग. बीएसईमध्ये (जड अणू उजळ दाखवणाऱ्या बॅकस्कॅटर्ड इलेक्ट्रॉन चित्रात) बायोटाइटच्या (काळ्या अभ्रकाच्या) आत दोन-तीन मायक्रॉनचे लख्ख पांढरे ठिपके दिसतात, पण सम स्पेक्ट्रममध्ये (सगळ्या पिक्सेलच्या बेरजेत) नेहमीचीच मंडळी: सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, पोटॅशियम, लोह, टायटॅनियम. सिरियमचा मॅप मागितला तर अख्खं बायोटाइट उजळलं! हे काय चाललंय?

जुना छेद:
सम स्पेक्ट्रममध्ये ते दिसणारच नाहीत. तुमच्या मॅपमध्ये जवळपास 2 लाख पिक्सेल आहेत. एखादा कण 9 पिक्सेलचा असेल, तर त्याचा वाटा 0.005 टक्क्यांहूनही कमी. तेवढ्याने बॅकग्राउंडवर उंचवटासुद्धा येत नाही.

मॅक्सिमम पिक्सेल स्पेक्ट्रम काढा. ब्राइट आणि न्यूबरी यांनी 2004 मध्ये मांडलेली ही पद्धत साधी आहे: प्रत्येक चॅनेलसाठी (ऊर्जेच्या प्रत्येक छोट्या टप्प्यासाठी) सगळ्या पिक्सेलमधला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. सिरियम एकाच पिक्सेलमध्ये भरपूर असेल तरी तिथे शिखर उभं राहतं. मात्र काउंट कमी असतील तर नॉइजही वर येतो, म्हणून आधी 2 × 2 बिनिंग करा, म्हणजे शेजारचे चार-चार पिक्सेल एकत्र करा. मग शिखर ज्या पिक्सेलमुळे आलं तिथे जाऊन शेजारच्या 3 × 3 पिक्सेलचा स्पेक्ट्रम बघा. खरा कण शेजाऱ्यांतही सापडतो, नॉइज सापडत नाही. ही तपासणी मी कधीच टाळत नाही.

बायोटाइट उजळलं ते टायटॅनियममुळे. त्याची के-बीटा रेषा (मूलद्रव्याच्या क्ष-किरणांची ठरलेली ऊर्जा) 4.93 केईव्हीला, सिरियमची एल-आल्फा 4.84 ला. डिटेक्टरला त्या वेगळ्या दिसत नाहीत आणि बायोटाइटमध्ये टायटॅनियम असतंच. साध्या विंडो मॅपवर (ठरावीक ऊर्जापट्ट्यातले सगळे काउंट मोजणाऱ्या) विसंबू नका, डीकॉन्व्होल्यूशन केलेला (एकमेकांवर आलेली शिखरं गणिताने वेगळी केलेला) मॅप काढा. लँथॅनमची 4.65 ची रेषाही टायटॅनियमच्या 4.51 ला खेटून आहे, तेव्हा तिथेही तेच.

तसाच घोळ फॉस्फरस 2.01 आणि झिर्कोनियम 2.04 चा! फॉस्फरसच्या मॅपमध्ये झिरकॉनही (झिर्कोनियमचं खनिज) चमकतो. 15 किलोव्होल्टवर झिर्कोनियमची के रेषा उठणारच नाही, त्यामुळे सोबतच्या मूलद्रव्यांवरून ओळखा: कॅल्शियम असेल तर अ‍ॅपेटाइट, सिरियम-लँथॅनम असेल तर मोनाझाइट (दोन्ही फॉस्फेट खनिजं). सिलिकॉनवरून मात्र झिरकॉन ठरवू नका, एवढ्याशा कणात आजूबाजूच्या बायोटाइटचं सिलिकॉन मिसळतंच.

सोनेरी कोटिंग:
कार्बन कोटिंग केलंत हे फार बरं झालं. माझ्या एका नमुन्यावर सोनं चढवलं होतं आणि सोन्याची 2.12 ची रेषा नेमकी फॉस्फरस-झिर्कोनियमच्या डोक्यावर बसली. पुन्हा पॉलिश करण्यात एक कण कायमचा गेला.

बीएसईवर सगळी भिस्त ठेवू नका. लोह मध्यम असलेल्या बायोटाइटमध्ये अ‍ॅपेटाइटची करडी छटा जवळपास तशीच असते, कारण सरासरी अणुक्रमांक जवळ येतात.

अभ्रकवेडी:
2 × 2 बिनिंग करून मॅक्सिमम पिक्सेल काढला. 2.01 च्या आसपास ठसठशीत शिखर आलं आणि ते मला घेऊन गेलं ते एका अशा जागी, जिथे बीएसईमध्ये ठिपकाच नव्हता! शेजारच्या पिक्सेलमध्ये फॉस्फरस आणि कॅल्शियम दोन्ही आहेत. म्हणजे अ‍ॅपेटाइट, अगदी बायोटाइटच्याच छटेचा. पांढऱ्या ठिपक्यांपैकी एकात सिरियमचं शिखर आहे. उरलेल्यांसाठी उद्या जास्त ड्वेल टाइम (प्रत्येक पिक्सेलवर थांबण्याचा वेळ) देऊन तेवढाच भाग पुन्हा घेते.