जुना दोरखंड: झोपाळा नको, पायपुसणं करा
जुन्या जाड दोराचं काय करावं, या प्रश्नावर कुणीतरी झोपाळा करायला सुचवलंय, त्याला माझा विरोध. होडीवर किंवा ट्रकवर वापरून झालेला दोर बाहेरून धडधाकट दिसतो. पीळ थोडा उलगडून आतले पदर बघा. वाळू किंवा भुगा निघाला तर त्यावर माणसाचा भार टाकायचाच नाही.

त्यापेक्षा पायपुसणं करा. काथ्याचा दोर असेल तर उत्तमच, ओलाव्यात लवकर कुजत नाही आणि चिखलही छान खरवडतो. चकलीसारखा गुंडाळत जायचं आणि दाभणाने प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला सुतळीने शिवायचा. बोटं दुखतात, आधीच सांगतो. नायलॉनचा असेल तर टोकं मेणबत्तीवर वितळवून घ्या, नाहीतर उसवतो. पॉलिप्रॉपिलीनचा (पाण्यावर तरंगतो तो, नायलॉन बुडतो) मात्र उन्हात ठेवू नका, उन्हाने त्याचे तुकडे पडून अंगणभर प्लास्टिकचा कचरा होतो.

पार गेलेला दोरही कामी येतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांना जहाजांचे जुने डांबरी दोर पिंजायला बसवत आणि तो पिंजलेला धागा लाकडी जहाजांच्या फटींत ठासत. आपण काथ्या पिंजून कुंडीच्या तळाशी घातला तरी पुरे.