परदेशातून इथे शिकवायला आलेले, आणि त्यांना घरात ठेवून घेणारे: अनुभव लिहा

रानजाई

परवा वादळात आमच्याकडे (लेस्टर, इंग्लंड) वीज गेली ती सहा तास. ड्रॉवरच्या तळाशी एक मेणबत्ती सापडली. बशीत आधी मेण ठिबकवलं, मग त्यात मेणबत्तीचं बूड दाबून धरलं. मुलगा आठ वर्षांचा आहे, बघत बसला. "आई, हे तुला कोणी शिकवलं?" म्हणाला. लडाखच्या आमा-लेंनी (आईला म्हणतात, 'ले' म्हणजे आपला 'जी'), २००८ साली. परवा रात्री मला झोपच लागली नाही, म्हणून हा धागा.

आईबाबा मिरजेचे, माझा जन्म इथला. मराठी आजीची कृपा. पदवी झाल्यावर बाविसाव्या वर्षी लेहपासून दोन तासांवरच्या एका गावात सात महिने इंग्रजी शिकवायला गेले. पगार नाही, राहणं-जेवण एका कुटुंबात. भारत म्हणजे माझ्यासाठी तोवर मिरज होतं: उकाडा, आजोळ, दुपारी पत्त्यांचा डाव. लेहला विमानातून उतरले ती साडेतीन हजार मीटरवर. दोन दिवस डोकं ठणकत नुसती पडून होते. त्या घरच्या आमा-ले दर तासाला येऊन गरम पाणी पाजायच्या.

वीज संध्याकाळी सातला यायची आणि अकराला जायची. ती पण रोज नाही. सकाळी पाण्याच्या पिंपावर बर्फाची साय, ती डावाने फोडायची. अंघोळ रविवारी. संडास कोरडा, वरच्या मजल्यावर भोक, नंतर फावडंभर माती आणि राख टाकायची. वास अजिबात नाही, आणि वसंतात तेच खत जवाच्या शेतात. मी पहिला आठवडा लाजत होते, मग इतकी सवय झाली की मिरजेला परत आल्यावर पाण्याची साखळी ओढताना चुकल्यासारखं व्हायचं.

पुस्तकात आगगाडीचा धडा होता. वर्गात एकोणीस मुलं, एकानेही आगगाडी पाहिलेली नाही. मी फळ्यावर डबे काढले. एकाने विचारलं, अरुंद रस्त्यावर समोरून दुसरी आली तर मागे कोण घेतं? घाटात राहणाऱ्या पोराचा किती बरोबर प्रश्न! दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अंगणात एकमेकांचे स्वेटर धरून उभं केलं आणि खडूचे रूळ आखले.

पण मनात राहिली ती एक दहा वर्षांची मुलगी. पहिल्याच दिवशी, माझं नावही विचारायच्या आधी, तिने विचारलं: "मॅडम, तुम्ही कधी जाणार?"

तुम्ही असे कुठे राहिला असाल, किंवा तुमच्या घरी, शाळेत असं कोणी राहिलं असेल, तर लिहा. लांबलं तरी चालेल.

आंब्याचा_बाठा

आमच्याकडे होती ना! जर्मन पोरगी, २०१५, अकरा महिने. दापोलीजवळ. त्यांच्या सरकारची वेल्टवेर्ट्स म्हणून योजना आहे, १८ ते २८ वयाच्या मुलांना वर्षभर बाहेरच्या देशात पाठवतात. आमच्या बाबांना सांगितलं की परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत सी फॉर्म भरून कळवायचं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तिला घेऊन पोलीस ठाण्यात. तिथे चहा झाला, गावची चौकशी झाली, फॉर्म शेवटी माझ्या मोबाइलवरून भरला.

ती आल्यावर पहिले पंधरा दिवस आई तिला तिखट नको म्हणून फोडणीशिवाय वरण द्यायची. एक दिवस ती स्वतः चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "आये, मला तुमचा सारखा द्या." आई अजून तो 'सारखा' सांगते.

जाताना रडारड झालीच. तिचं ताट आईने वर्षभर कोणाला दिलं नाही. बाकी नंतर लिहितो, पेट्या भरायच्यात.

चहाबाज

पेट्या? यंदा काय भाव आहे रे? पुण्यात कधी येतोयस?

आंब्याचा_बाठा

व्यनि (खासगी निरोप) करतो. इथे नको, ताईंचा धागा आहे.

सातपुडा_मास्तर

मी थोडं वेगळं लिहितोय, कोणी मनाला लावून घेऊ नये. नंदुरबारकडच्या एका निवासी शाळेत मी बारा वर्षं शिकवलं. आमच्याकडे दर हिवाळ्यात परदेशी स्वयंसेवक येत. मनाने सगळे चांगले. पण मुक्काम तीन आठवडे. आला की 'हेड, शोल्डर्स' गाणं, रंगकाम, ए फॉर ॲपल. गेला की पुढचा आला, पुन्हा ए फॉर ॲपल. एका वर्षी चौघं आली आणि आमच्या तिसरीच्या पोरांनी चार वेळा सफरचंद रंगवलं. घरात भिली बोलणाऱ्या मुलाला आधी मराठीच परकी, त्यावर हे.

आणि जायच्या दिवशी पोरं रडायची. घर सोडून आलेली सहा-सात वर्षांची लेकरं, कोणी मांडीवर घेतलं की चिकटतात. तो माणूस विमानात बसतो आणि रात्री वसतिगृहात उशी भिजते ती आम्हाला दिसते. रानजाईताई, तुमच्या त्या मुलीने नावाआधी तो प्रश्न का विचारला, हे मला लगेच कळलं.

एक फ्रेंच बाई मात्र वेगळ्या होत्या. पहिले दोन महिने शिकवलंच नाही. माझ्या वर्गात मागे बसायच्या, मुलांकडून भिली शब्द वहीत लिहून घ्यायच्या. नंतर त्यांनी मुलांबरोबर चित्रांच्या चिठ्ठ्या केल्या, भिली, मराठी, इंग्रजी तिन्ही. त्या गेल्या, चिठ्ठ्या राहिल्या. मी बदलून आलो तेव्हाही वापरात होत्या.

नीलमोहर

मास्तर, उशीचं वाचून डोळे भरले. लेकीला नुकतंच वसतिगृहात सोडलंय.

सातपुडा_मास्तर

ताई, रोज ठरावीक वेळी फोन करा. वेळ चुकवू नका, बाकी सगळं चालतं.

फलटणकर

थांबा, राहिलेल्यांचंही लिहायला हवं! आमच्या फलटणच्या मॅक्सीनमावशी. डॉ. मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेतून १९६१ साली भारतात आल्या, आधी हैदराबादला इंग्रजी शिकवलं, मग फलटणला येऊन मराठीचा अभ्यास केला आणि तिथल्याच झाल्या, नागरिकत्वसुद्धा भारताचं. शाळेत न जाणाऱ्या वस्तीतल्या मुलांना लिहा-वाचायला शिकवता शिकवता १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, पुढे कमला निंबकर बालभवन. मराठी माध्यम! इंग्रजी जिची मातृभाषा, ती बाई सांगते की मुलाला आधी त्याच्या भाषेत वाचता आलं पाहिजे. माझी मावसबहीण तिथे शिकली, मराठी वाचन असलं खणखणीत की बस.

आणि ज्यांच्या नावाने शाळा आहे त्या कमलाबाई पण जन्माने अमेरिकन. लग्न करून निंबकर झाल्या, आणि मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीचं (आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून देतात ते उपचार) शिक्षण सुरू केलं ते त्यांनी.

चहाबाज

कमलाबाईंचं माहीत नव्हतं. मी त्यांना इतकी वर्षं फलटणच्याच समजत होतो.

गोदातीर

मी आज ७१ वर्षांचा आहे. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. अमेरिकेचे पीस कोरचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतात येत असत. आमच्या गावी मराठवाड्यात असा एक तरुण दोन वर्षे होता. खरे काम कोंबडीपालनाचे, परंतु सायंकाळी हायस्कूलच्या ओट्यावर आम्हाला इंग्रजी शिकवी. कंदील तो स्वतः पुसून आणी. सायकलवरून येई, धोतर नेसण्याचा प्रयत्न एकदाच केला.

तो पाटाच्या पाण्यावर कपडे धुवी हे पाहून गावातल्या बायका हळहळत. "आई कशी राहत असेल त्याची?" हाच एक प्रश्न. माझ्या आईने त्याला एक वाकळ शिवून दिली. ती तो बरोबर घेऊन गेला.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जात होतो. सुकडी मिळायची. तो तेव्हा परत गेलेला होता. एक दिवस त्याचे पत्र आले, मराठीत, वाकड्या अक्षरात: "विहिरीला पाणी आहे काय? ओट्यावर कोण शिकवतो?" ओट्यावर कोणीच शिकवत नव्हते. ते पत्र वडिलांनी मला वाचायला लावले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी धाकट्यांना घेऊन बसू लागलो. पुढे मी शिक्षकच झालो. निवृत्तीपर्यंत.

रानजाई

काका, हे वाचून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. पत्र जपलंय का?

गोदातीर

नाही हो. घर पडले त्यात गेले. मजकूर पाठ आहे.

सुटकेसबाई

मी न्यू जर्सी, आई ठाण्याची. २०१६ मध्ये तमिळनाडूत एका गावात पाच महिने गणित. मला वाटलं, मी भारतीय, मला कसली अडचण. मराठी तिथे कामाची नाही, हिंदीही नाही! दुकानात हातवारे. मुलांनी मला मोजायला शिकवलं, ओन्रु, रेंडु, मून्रु, आणि मग वर्ग सुरू झाला.

तिसऱ्या महिन्यात टायफॉइड. शेजारच्या पाटींनी (आजी) अकरा दिवस कंजी पाजली. एक शब्द समान नाही आमच्यात. कपाळावर हात ठेवून बसायच्या आणि त्यांच्या देवाचं काहीतरी पुटपुटायच्या. मी आत्ता स्वतः शाळेत शिकवते. एखादं पोर आजारी दिसलं की हात आपोआप कपाळावर जातो, मग आठवतं की इथे आधी नर्सला बोलवायचं.

कागदपत्र

कोणी आता बोलावणार असेल तर: ई-टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी स्वयंसेवा जास्तीत जास्त एक महिना चालते. त्याहून जास्त राहायचं तर संस्थेचं पत्र घेऊन एम्प्लॉयमेंट व्हिसा, मानद कामाचा. १८० दिवसांपेक्षा लांबीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. ओसीआयवाल्यांना (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड असलेल्यांना) हे नाही. नियम बदलतात, निघण्याआधी बघाच. माझ्या ऑफिसात दर महिन्याला एक तरी रडवेला मुलगा येतो, चुकीच्या व्हिसावर आलेला.

मास्तर म्हणतात ते तीन आठवड्यांचं प्रकरण थोडं यामुळेही आहे. सोपा कागद महिन्याचाच मिळतो.

सातपुडा_मास्तर

हे लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद.

पूर्वांचल

मी परदेशी नाही, साताऱ्याची. पण अरुणाचलमध्ये विवेकानंद केंद्राच्या शाळेत तीन वर्षं होते. इनर लाइन परमिट काढून आपल्याच देशात शिरायचं! सुरुवातीला मुली विचारायच्या, "मिस, तुम्ही इंडियातून आलात?" मी नकाशा काढून बसायचे. नंतर मीच साताऱ्याच्या मावशीला फोनवर सांगायला लागले, "आमच्याकडे पाऊस लागलाय", आणि आमच्याकडे म्हणजे अरुणाचल. बांबूच्या कोंबाचं लोणचं अजून मागवते.

नीलमोहर

बांबूचा कोंब म्हणजे आपलं वास्ते ना? कोकणात करतात. आमच्या सासूबाई दोन दिवस पाण्यात ठेवून मगच.

पूर्वांचल

तेच, पण तिकडे आंबवतात. घरभर वास. नवरा गॅलरीत जाऊन बसतो.

आंब्याचा_बाठा

आलो. रानजाईताई, तिकडे याकचं दूध प्यायचात का?

रानजाई

याक हा नर 😄 आमच्या घरी झोमो होती, याक आणि गायीच्या संकराची मादी. तिच्या दुधाचं लोणी घालून मिठाचा गुरगुर चहा. चहा म्हणून प्यायलं तर घशाखाली उतरत नाही. सूप समजून प्यायले, मग आवडला.

चहाबाज

मिठाचा चहा. मी हा धागा सोडून चाललो.

रानजाई

मास्तर, तुमचं कालपासून डोक्यात आहे. मी त्या मुलीला खोटं सांगितलं होतं. "अजून खूप वेळ आहे" म्हणाले. ऑक्टोबर संपताना निघाले, रस्ते बंद व्हायच्या आत. ती निरोपाला आलीच नाही. आमा-लेंनी गळ्यात खताग (मानाचं उपरणं) घातला, पिशवीत सुके जर्दाळू भरले, आणि ती मुलगी मला दिसली ती जीपमधून, गच्चीवर गवत पसरताना. तिने वर पाहिलं नाही.

मी पत्रं लिहायला लागले. दर महिन्याला एक. उत्तर दीड वर्षाने आलं, तीन ओळींचं. मग ऑगस्ट २०१० ची ढगफुटी झाली लेहला. बातम्यांत चिखलाखाली गेलेली घरं दिसत होती आणि पाच दिवस फोन लागेना. सहाव्या दिवशी लागला. तो तिनेच घेतला, शेतात मदत करायला त्यांच्या घरी आली होती. इंग्रजीत म्हणाली, "आम्ही सगळे आहोत. तुमची खोलीपण आहे."

२०१३ ला गेले, नवऱ्याला घेऊन. आता ती लेहमध्ये परिचारिका आहे. मेणबत्तीचा फोटो तिला पाठवला काल. तिने लिहिलंय, आता गावात चोवीस तास वीज असते, मेणबत्त्या फक्त गोम्पात (बौद्ध मठात).

सातपुडा_मास्तर

दर महिन्याला लिहीत राहिलात हे वाचून बरं वाटलं. माझ्या शाळेत कोणाचं एकही पत्र आलं नाही. पत्ता देऊन ठेवायला हवा होता आम्हीच. नाही सुचलं.

फलटणकर

मास्तर, त्या चिठ्ठ्यांचा फोटो आहे का? बहीण बालवाडीत आहे, तिला दाखवतो.

सातपुडा_मास्तर

जुन्या सहकाऱ्याला विचारतो. रविवारी टाकतो.

नीलमोहर

रानजाई, तिकडची ती जाड भाकरी कशी करतात? खंबीर म्हणतात ना? मुलीला सुट्टीत करून घालेन म्हणते.

रानजाई

गव्हाचं पीठ, थोडं आदल्या दिवशीचं आंबलेलं पीठ, मीठ. रात्रभर उबेला. जाडसर थापून आधी तव्यावर दोन्ही बाजूंनी, मग निखाऱ्याच्या कडेला उभी करून. गॅसवर जाळी ठेवून जमते. जर्दाळूचा मुरांबा हवा सोबत.

नीलमोहर

आंब्याचा आहे.

आंब्याचा_बाठा

ताई, पत्ता पाठवा. एक पेटी लेस्टरला जात नाही, पण पुण्याला नक्की येते.