‘कौन’मध्ये उर्मिला ओव्हरअ‍ॅक्टिंग करते का? (शेवट फोडलाय, पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा)

खिडकी_क्रमांक_तीन

शनिवारपासून लेकाशी अर्धा अबोला आहे. जेवायला ये, गॅस बंद कर, बस एवढंच. कारण ‘कौन’.

राम गोपाल वर्माचा १९९९ चा सिनेमा. तेव्हा मी पाहिला नव्हता. लेक पोटात होता आणि सासूबाईंनी घरातली ‘भयानक’ सदराखाली येणारी प्रत्येक गोष्ट बंद केली होती, त्यात आहट मालिकासुद्धा आली. आता तोच लेक सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, एकांकिका बसवतो, आणि मला म्हणाला, आई, हा बघच.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: एक बंगला, बाहेर धो धो पाऊस, आत एकटी बाई. टीव्हीवर बातमी, शहरात खुनी मोकाट आहे. बेल वाजते. दारात मनोज बाजपेयी. मग पुढे सुशांत सिंह. पडद्यावर मुख्य माणसं तीन, गाणं एकही नाही. लिहिलाय अनुराग कश्यपनं. इथवर सगळं मला आवडलं.

पण उर्मिला! पहिल्या बेललाच डोळे बशीएवढे. श्वास असा की जिना चढून आलीय. बाई गं, पहिल्या बेललाच सगळी पुंजी उधळलीस तर चौथ्या बेलला काय खर्च करणार? पाऊण तासात मी उशी बाजूला ठेवली आणि म्हटलं, ही फार करते रे. लेक फक्त हसला. शेवट आला. खुनी तीच. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “कळलं? ती घाबरलेली नव्हतीच. ती घाबरल्याचं नाटक करत होती. वाईट अभिनय हाच तिचा अभिनय आहे.”

मला हे पटत नाही. शेवटी श्रीखंड वाढलं म्हणून आधीची आमटी खारट नव्हती असं होतं का? पाऊण तास मी वैतागले तो वैताग खरा होता ना? असं असेल तर उद्या कुणीही कसंही करावं आणि शेवटच्या रिळात सांगावं, मुद्दाम होतं.

आणि घाबरलेला माणूस असा नसतो. मी तेवीस वर्षं बँकेत काउंटरवर बसते. मध्यंतरी एकजण वडिलांचा चेक घेऊन आला. सही जुळेना. मी नुसती मान वर केली. त्या माणसाचा आवाज एकदम खाली गेला, बोटं काउंटरच्या कडेवर सरळ रेषेत येऊन बसली, आणि तो चेककडे नाही, माझ्या स्टॅम्पकडे बघायला लागला. घाबरलेला माणूस लहान होतो. मोठा होत नाही.

आता माझाही पूर्वग्रह सांगून टाकते. लग्नाआधी मी बँकांच्या नाट्यस्पर्धेत काम केलं होतं. परीक्षकांचा शेरा अजून पाठ आहे: “आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, भूमिका पहिल्या रांगेपर्यंतही नाही.” त्यानंतर मी फक्त प्रॉम्प्टिंग केलं. तेव्हा दुसऱ्या कुणी तेच केलेलं दिसलं की माझं जरा जास्तच लक्ष जातं हे मान्य.

पण मग हेही सांगा, याच बाईनं याच दिग्दर्शकाकडे वर्षभर आधी ‘सत्या’ केला. त्यात ती चाळीत राहणारी विद्या. किती कमी करते तिथे! म्हणजे येतं तिला. मग इथे दोष कुणाचा? तिचा, दिग्दर्शकाचा, की माझा?

पन्नास_रुपये_काप

आख्ख्या पिक्चरमध्ये खरी ओव्हरअ‍ॅक्टिंग त्या बेलनं केलीय. तिचेच पन्नास रुपये काप.

डबिंगवाला_अंधेरी

ताई, एक प्रयोग करा. तोच पहिला अर्धा तास म्यूट करून बघा.

मी चौदा वर्षं डबिंगमध्ये आहे. साऊथचे पिक्चर हिंदीत येतात त्यातल्या किंकाळ्या, हुंदके, धापा, हे सगळं आमच्याकडे वेगळं घेतलं जातं. चार बाय सहाच्या काचेच्या खोलीत, एसी बंद करून (घरघर माइकमध्ये येते म्हणून), एक मुलगी उभी राहून बारा वेळा दचकते. चेहरा पडद्यावर कधीचाच शूट झालेला असतो. आणि तुम्हाला सांगतो, चेहरा तोच ठेवून नुसता श्वास बदलला की बाई कधी घाबरलेली दिसते, कधी आजारी, कधी चक्क लाडात आलेली.

‘कौन’चं पार्श्वसंगीत संदीप चौटाचं आहे आणि ते एका जागी गप्प बसत नाही. ती वळली की ढॅण. पडदा हलला की ढॅण. कॅमेरापण तिच्या नाकाला टेकलेला. एवढं सगळं अंगावर घातल्यावर नऊवारीवर शालू नेसल्यासारखं होणारच. शिव्या मात्र एकटी नटी खाते.

दुसरं, कुणी विचारलं नाही म्हणून मीच विचारतो. बाजपेयी त्यात काय कमी करतो? अखंड बडबड, ते हसणं, तो चिकटपणा. त्याला सगळे म्हणतात, काय कॅरेक्टर उभं केलंय. पुरुषानं केलं की कॅरेक्टर, बाईनं केलं की अति.

खिडकी_क्रमांक_तीन

म्यूट करून पाहिलं. तुमचं निम्मं खरं निघालं. डोळे बशीएवढे आहेतच, ते काही संगीतकारानं लावलेले नाहीत. पण आवाज गेल्यावर ती घाबरलेली कमी आणि कान देऊन ऐकणारी जास्त वाटली. मांजर दुधाच्या पातेल्याजवळ उभं राहतं तशी. हे आधी का दिसलं नाही कोण जाणे.

बाजपेयीचा मुद्दा मात्र लागला. मी त्याच्यावर वैतागले होते, पण त्या माणसावर, नटावर नाही. उर्मिलावर वैतागले तेव्हा थेट नटीवर. का, याचं उत्तर नाही माझ्याकडे.

पहिला_दिवस_शेवटचा_शो

मी थिएटरात पाहिलाय, दादरला, ९९ साली. लोक ‘रंगीला’ची उर्मिला बघायला आलेले. गाणं नाही, नाच नाही, दोन तासांच्या आत पिक्चर खलास. मागच्या रांगेतून सारखं “उघड ना बाई दार!” चाललेलं. माझं मत स्पष्ट आहे: करते ती अति. पुढे ‘भूत’मध्येही आरडाओरडा आहे, त्याला फिल्मफेअरचं समीक्षकांचं पारितोषिक मिळालं, तरी मी ‘एक हसीना थी’च वर ठेवीन. २००४, श्रीराम राघवनचा पहिला सिनेमा. त्यातली तुरुंगानंतरची उर्मिला बघा. काही करत नाही, नुसती बघते, आणि आपल्याला घाम फुटतो. तेच ‘कौन’मध्ये केलं असतं तर?

डबिंगवाला_अंधेरी

तर खुनी कोण हे विसाव्या मिनिटालाच कळलं असतं, काका.

कलिन्याची_काकू

खिडकीताई, तुमचं ते “घाबरलेला माणूस लहान होतो” वाचून राहवलं नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. आम्ही कलिन्याला, दुसऱ्या मजल्यावर. हे लोअर परळला ऑफिसात अडकलेले, फोन लागत नाही, वीज गेलेली, तळमजला पाण्यात. रात्री दहाच्या सुमाराला दारावर थापा. आयहोलमधून काळोख दिसतो, दुसरं काय दिसणार.

तुम्हाला वाटेल मी गप्प झाले असेन. अजिबात नाही. मी गायला लागल्यासारखी बोलले. “अहोऽऽ, बघा हो कोण आलंय!” असं आतल्या रिकाम्या खोलीकडे बघून, नाटकात बोलतात तसं. मग दाराकडे तोंड करून, “हे जरा झोपलेत हं, उठवते हं,” आणि वर हसलेसुद्धा. का हसले देव जाणे. मग पाय आपटत आत गेले, जड पावलं वाजवली, भांडं पाडलं, परत आले. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, मी ह्यांना कधी “अहोऽऽ” अशी हाक मारलेली नाही. नावानंच मारते.

बाहेर खालच्या मजल्यावरच्या आजी होत्या. पाणी घरात शिरलं म्हणून मेणबत्ती घेऊन वर आलेल्या, तीही विझलेली. आत आल्यावर पहिलं काय बोलल्या? “काय गं, भांडण चाललंय का तुमचं?”

तेव्हापासून दाराबाहेर पुरुषाची एक जुनी चप्पल कायम असते. हे टूरवर गेले की मी ती रोज थोडी सरकवते. एक दिवस डावी पुढे, एक दिवस उजवी. हा अभिनय नाही तर काय?

सिनेमात ती बाई घरात नवरा आहे असं खोटं सांगते ना, ते मला जराही अति वाटलं नाही. मी तिच्यापेक्षा वाईट केलं होतं. तुमचा चेकवाला गप्प झाला कारण तो पकडला गेला होता. मी अजून पकडले गेले नव्हते.

पन्नास_रुपये_काप

काकू, तुमचे एक रुपयापण नाही.

खिडकी_क्रमांक_तीन

काकू, तुमचं लेकाला वाचून दाखवलं. “आयहोलमधून काळोख” याच्यावर दोघंही गप्प झालो, त्या निमित्तानं अबोला मिटला. चेकवाल्याचं मी मागे घेते.

काल रात्री फक्त ते नवऱ्याचं खोटं असलेला भाग परत लावला. तुमच्या “अहोऽऽ”नंतर तो वेगळाच दिसतो. तिथे ती छान करते. एक बाई खोटं बोलतेय, तिला ते जमत नाहीये, आणि ते न जमणंही तिनं ठरवून केलंय, असे तीन पदर एका वाक्यात आहेत. हे माझ्या परीक्षकांसमोर कुणी केलं असतं तर त्यांनी काय शेरा लिहिला असता याचा मी विचार करत बसले.

पण आमटी खारटच. ती फोनवर बोलते, एकटी घरभर फिरते, तेव्हा समोर कुणीच नसतं, मग नाटक कुणासाठी? लेक म्हणतो, स्वतःसाठी, वेडी आहे ती. मी म्हणते, आमच्यासाठी, तिकीट काढलेल्यांसाठी, आणि ते लबाडी आहे. यावर तह होणार नाही.

ता. क. लेक विचारतोय, दाराबाहेरची ती चप्पल त्याच्या नव्या एकांकिकेत घेतली तर चालेल का?

कलिन्याची_काकू

चालेल की. नऊ नंबरची घ्या आणि टाच झिजलेली. नवी घेतली तर लगेच कळतं.