मदत हवी आहे: गेममध्ये ब्रिटन शिल्लक असताना रशियावर जाऊ का?

रात्रपाळी: जर्मनी घेतलाय. फ्रान्स कधीच पडला. मे 1941 चालू आहे, सगळं सैन्य पूर्वेला उभं आहे. ब्रिटन काही केल्या ऐकत नाही. आता रशियावर जाऊ की आधी ब्रिटन संपवू? लवकर सांगा, पॉज करून बसलोय.

चौफुला: गेम कुठला ते तरी सांगा.

रात्रपाळी: हार्ट्स ऑफ आयर्न 4. दुसऱ्या महायुद्धाचा दुसरा कुठला असणार?

पाटीलबुवा: इंधन किती? ट्रक किती? इटली तुमच्या बाजूने आहे का? पश्चिमेच्या बंदरांवर कोण आहे? ताप किती ते न सांगता गोळी मागताय राव.

दर्यावर्दी: आधी ब्रिटन! मी दर वेळी तेच करतो. नेव्हल बॉम्बर, म्हणजे जहाजांवर हल्ला करणारी विमानं, इंग्लिश चॅनेलवर सोडायची, पाणबुड्यांनी मालवाहू जहाजं बुडवायची, संधी मिळाली की डोव्हरला उतरायचं. मग एकच आघाडी उरते.

पाटीलबुवा: तुम्ही 1936 पासून त्याच तयारीला लागता, म्हणून जमतं. यांनी रणगाडे बांधलेत. आता रॉयल नेव्हीसमोर काय, होड्या नेणार? आणि तोवर स्टॅलिन गप्प बसतो होय?

रात्रपाळी: इटली आहे, आफ्रिकेत मार खातेय. ट्रक बेताचे, इंधन निम्म्याच्या खाली. बंदरांवर कोणी नाही, सगळे पूर्वेला नेले.

पाटीलबुवा: अहो, हे आधी सांगायचं! मग रशियाचं नंतर बघू. शेरबूर्ग, ब्रेस्ट, बोर्दो, एकेका बंदरात स्वस्तातली पायदळ डिव्हिजन बसवा. बंदर हाती लागलं नाही की उतरलेल्या फौजेला रसद मिळत नाही, आपोआप लुळी पडते. मागे रेल्वेजवळ दोन रणगाडा डिव्हिजन ठेवा, उतरलेले तेव्हाच समुद्रात ढकलायला.

इतिहासवेडा: खऱ्या बार्बारोसातही, म्हणजे जर्मनीच्या रशियावरच्या स्वारीतही, रसदच नडली. 22 जून 1941 ला निघाले तेव्हा सोबत सहा लाखांवर घोडे होते, आणि रशियाचे रूळ रुंद, म्हणजे जर्मन गाड्या चालेनात. दोन आघाड्या कशा हाताळायच्या ते 1660 मध्ये बघा. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, तिकडे शाहिस्तेखान पुण्यात. महाराजांनी पन्हाळा आदिलशाहीला सोडला आणि मोगलांकडे वळले.

किल्लेदार: 'सोडला' काय? विचारपूर्वक देऊन टाकला. आणि आधी विशाळगड गाठला, ते विसरू नका.

इतिहासवेडा: मी दुसरं काय म्हणतोय? एका शत्रूला काहीतरी देऊन गप्प केलं.

चौफुला: 41 नंतर गेम अडकत चालत असेल तर मागचे प्रोग्रॅम बंद करा, बराच फरक पडतो.

रात्रपाळी: गेम अडकत नाहीये! बंदरांवर डिव्हिजन पाठवल्या. रोमानियाच्या तेलावर टाकी भरायला वेळ लागेल. ऑगस्टमध्ये निघालो तर?

पाटीलबुवा: ऑगस्ट नको. लगेच चिखल, मागोमाग थंडी. जूनपर्यंत भरली तर निघा, नाहीतर पुढच्या मेपर्यंत थांबा आणि सीमेकडचे रूळ वाढवा. निघालात तर नीपर नदीला थांबून मागची रसदकेंद्रं आधी चालू करा. मॉस्को दिसलं म्हणून धावू नका.

दर्यावर्दी: पुढच्या मेपर्यंत थांबणारच असाल तर तेवढ्यात ब्रिटन होतो.

पाटीलबुवा: तेवढ्यात अमेरिका येते, दर्यावर्दी.